वात्सल्य, भय आणि हप्ता

जाहिरात ही वाङ्मयात जमा करावी की नाही, ह्या प्रश्नाचा आपल्या समीक्षकांनी आजवर फारसा विचार केलेला दिसत नाही. पोवाड्यांना, लावण्यांना, बखरींना, इतकेच काय पण पेशवेकालीन खलित्यांनाही आपण सरस्वतीच्या दरबारात मानाची जागा दिली. परंतु जो मजकूर रोज सकाळी वर्तमानपत्राच्या घडीतून आणि रात्री पडद्यावरून न विचारता आपल्या घरात येतो, ज्यातील एकेक शब्द तोलून मापून आणि भरपूर मोबदला देऊन लिहवून घेतलेला असतो, त्याला 'दुकानदाराची आरोळी' म्हणून आपण दाराबाहेरच उभे करतो. तो पैशासाठी लिहिलेला असतो हे खरे. पण मम्मटानेही काव्याच्या प्रयोजनांत अर्थप्राप्ती उघडपणे घातली आहे. आणि आपल्या कित्येक मान्यवर कादंबरीकारांस तेवढे एकच प्रयोजन ठाऊक असावे, अशी शंका मला अधूनमधून येते. तेव्हा जाहिरातीच्या एका लहानशा शाखेस वाङ्मयाचीच कसोटी लावून पाहण्याचा येथे विचार आहे.

ही शाखा अमेरिकेतील मोटारविम्याच्या जाहिरातींची. आणि त्यांतही, नुकत्याच मोटार चालवू लागलेल्या सोळा-सतरा वर्षांच्या मुलामुलींच्या आईबापांना उद्देशून ज्या रचिलेल्या असतात त्यांची. आपल्याकडे हा प्रकार उपजलाच नाही, ह्याचे कारण आधी समजून घेतले पाहिजे. आपल्या देशात मोटार चालविण्याचा परवाना अठरा वर्षे पुरी झाल्यावाचून मिळत नाही. आणि विम्याचा जो सक्तीचा भाग, दुसऱ्याच्या नुकसानीचा, त्याचा खासगी मोटारीसाठीचा हप्ता सरकार इंजिनाच्या क्षमतेवरून ठरवून देते. चाकामागे आजोबा बसले आहेत की नातू, ह्याच्याशी त्या हप्त्याला कर्तव्य नसते. अमेरिकेत बहुतेक राज्यांत सोळाव्या वर्षी मूल एकट्याने मोटार चालवू लागते. तेथील नगरांची रचनाच अशी की शाळा, दुकान, मित्राचे घर, खेळाचे मैदान ही सारी एकमेकांपासून कोसा-दोन कोसांवर विखुरलेली, आणि सार्वजनिक वाहनाचा बहुतेक ठिकाणी पत्ता नाही. म्हणून मुलाच्या हाती किल्ली देणे ही चैन नसून संसाराची गरज होऊन बसते. विम्याचा हप्ता तेथे माणसावर बसतो. हवाईसारख्या एखाद्या राज्यात वयावरून हप्ता ठरविण्यास कायद्याने बंदी आहे, पण तो अपवाद. इतरत्र मुलाचे नाव आईबापांच्या विमापत्रात चढले की हप्ता असा काही उसळी घेतो, की पुष्कळ घरांत त्या दिवशी मुलाचे अभिनंदन करावे की महिन्याचा हिशेब नव्याने मांडावा, असा पेच पडतो. न्यू जर्सीतील एडिसनसारख्या गावी जी मराठी कुटुंबे दोन पिढ्या नांदत आहेत त्यांच्या घरीही हा पेच येतोच.

आणि भय खोटे नाही, हेही आरंभीच सांगितले पाहिजे. सोळा ते एकोणीस वर्षांच्या चालकाकडून प्राणघातक अपघात होण्याचा संभव, मैलामागे मैल धरला असता, वीस वर्षांवरील चालकाच्या जवळजवळ तिप्पट असतो, असे तेथील सरकारी आरोग्यसंस्था सांगते. मोटारींचे अपघात हे अनेक दशके अमेरिकेतील मुलांच्या आणि किशोरांच्या मृत्यूचे पहिले कारण होते. २०२० साली ते स्थान बंदुकीने घेतले. 

आता रसाकडे वळू. साहित्यदर्पणकार विश्वनाथाने वत्सल हा दहावा रस मानिला. त्याच्या उदाहरणांत बोबडे बोल, दुडदुडणारी पावले असा सुखाचाच परिवार असतो. परंतु वात्सल्याची दुसरी बाजू कोणत्याही आईला विचारावी. मूल घरी परतावयास अर्धा तास उशीर झाला की तिच्या डोळ्यांपुढे जी चित्रे उभी राहतात ती कोणाही नाटककाराला सुचणार नाहीत. मन चिंती ते वैरी न चिंती, ही म्हण बहुधा एखाद्या आईनेच रचिली असावी. प्रस्तुत जाहिरातींचे सारे भांडवल हे आहे. त्यांना भय निर्माण करावे लागत नाही. ते घरात आयतेच सापडते. जाहिरातकार त्याला फक्त चेहरा देतो.

परंतु ह्या भयाला भयानक रस म्हणता येईल काय? मला तसे वाटत नाही. नाटकातील भय आपण आस्वादू शकतो, कारण अभिनवगुप्ताने विशद केलेल्या साधारणीकरणाने ते माझेही राहत नाही, परक्याचेही राहत नाही. 'हे माझे, हे दुसऱ्याचे' ही गाठ सुटते तेव्हाच रस पाझरतो. जाहिरातीला ती गाठ सुटून चालत नाही. पडद्यावरचे मूल तुमचेच आहे, ही मोटार तुमच्याच दारातून निघाली आहे, असे ती पदोपदी बजावीत असते. अ‍ॅरिस्टॉटलने शोकात्मिकेच्या शेवटी भयाचा निचरा व्हावा असे म्हटले. येथे निचऱ्याची वेळ आली की दूरध्वनीचा क्रमांक येतो. भय निवता कामा नये. ते जसेच्या तसे विक्रेत्याच्या दारापर्यंत पोचले पाहिजे.

तेवढ्यावरच हे प्रकरण थांबते तर मी लेखणी उचललीच नसती. भीती दाखवून माल विकणे हा जुनाच धंदा आहे. मला ज्या गोष्टीकडे लक्ष वेधावयाचे आहे ती निराळी, आणि मोटारविम्याच्या बाबतीत विशेष खरी आहे. आईबापांच्या मनात भय असते ते मुलाच्या जिवाचे. विमा देतो तो पैसा. आणि त्यातला मोठा भाग ज्याला धडक बसली त्याच्या हाडांचा आणि त्याच्या मोटारीचा. जाहिरातीच्या पहिल्या अर्ध्यात जे भय जागे केले जाते, त्यावरचा उपाय दुसऱ्या अर्ध्यात नसतोच. असतो तो दुसऱ्याच, पुष्कळ किरकोळ भयावरचा. ह्या दोहोंतील सांधा प्रेक्षकाच्या ध्यानात येऊ न देणे, हेच ह्या जाहिरातींचे कसब.

पहिला मासला घ्या. ऑलस्टेट ह्या कंपनीने २००७ च्या सुमारास वर्तमानपत्रांतून एक पानभर जाहिरात दिली. चित्रात मानवी मेंदू, आणि त्या मेंदूत मोटारीच्या आकाराचे एक भोक. सोळा वर्षांची बहुतेक मुले मेंदूचा एखादा भाग हरवल्यासारखी मोटार का चालवितात, असा प्रश्न शीर्षकात विचारून, तो भाग खरोखरीच हरवलेला असतो म्हणून, असे उत्तर दिलेले. खाली शास्त्राची साक्ष: निर्णय घेणारा, परिणाम तोलणारा जो मेंदूचा पुढचा भाग, तो ह्या वयात पुरा वाढलेला नसतो. चित्र म्हणून ही कल्पना उत्कृष्टच म्हटली पाहिजे. एकदा पाहिली की विसरता येत नाही. मेंदू विशीच्या मध्यापर्यंत पक्व होत राहतो, हेही शास्त्राला धरून आहे. पण हे सत्य अर्धेच आहे, आणि जो अर्धा गाळला तोच आईबापांच्या कामाचा होता. शिकाऊ परवान्याच्या काळात, शेजारी आई किंवा बाप बसलेला असताना, ह्याच मुलांच्या हातून अपघात फार थोडे होतात. शेजारची जागा रिकामी झाली की पहिले काही महिने सर्वांत धोक्याचे ठरतात, आणि पुढे अनुभवाबरोबर तो धोका झपाट्याने उतरत जातो. त्या काही महिन्यांत मेंदूत असे कोणते स्थित्यंतर होते? मेंदू तोच, मोटार तीच, रस्ता तोच. उणे झाले ते शेजारचे माणूस, आणि अधिक होत गेला तो सराव. ह्या जाहिरातीच्या तळाशी मुलाशी बोला, त्याच्याशी लेखी करार करा, असा चांगला उपदेशही होता, हे न्यायासाठी नमूद करतो. तथापि डोळ्यांत भरते ते भोक, आणि भोकाला उपाय नाही. ज्याचा मेंदूच अपुरा त्याच्याशी बोलून काय होणार, असे वाचणाऱ्या बापास वाटले तर दोष त्याचा नव्हे.

दुसरा मासला त्याच कंपनीचा, २०१० सालचा. 'मेहेम' म्हणजे मूर्तिमंत अनर्थ. डीन विंटर्स नावाचा एक राकट नट काळा पोशाख घालून हा अनर्थ होतो आणि प्रेक्षकांशी बोलतो. ह्या जाहिरातीत तो म्हणतो, मी एक किशोरवयीन मुलगी आहे. डोळ्यांवर गुलाबी चष्मा, खाली गुलाबी रंगाची दांडगी मोटार. मैत्रिणीचा निरोप येतो की तिने ह्याच्या आवडत्या मुलाचे चुंबन घेतले. झाले, भावना अनावर, आणि मोटार दुसऱ्याच्या मोटारीवर. मग तोच अनर्थ बजावतो की स्वस्तातला विमा घ्याल तर हा खर्च तुमच्याच पदरी येईल. मी ही जाहिरात पाहिली तेव्हा हसलो, आणि कोणीही हसेल. विकृत वेष हा हास्याचा विभाव म्हणून भरतानेच सांगितला आहे. पण हास्य येथे कशासाठी आणले आहे? मघाशी सांगितलेला सांधा झाकण्यासाठी. मुलगी मेली तर, हा प्रश्न मनात यावयाच्या आत आपण हसलेले असतो, आणि हसू ओसरते तोवर गोष्ट पत्र्याच्या खर्चावर येऊन ठेपलेली असते. जिवाचे भय शिरताना खरे होते. बाहेर पडताना त्याचे बिल झाले.

आणि मुलगीच का? ह्याच वयाच्या चालकांत मोटार अपघातात मरणाऱ्या मुलांचे प्रमाण मुलींच्या दुपटीहून अधिक आहे. ज्या राज्यांत कायद्याची आडकाठी नाही तेथे कंपन्या मुलाच्या बापाकडून जो अधिक हप्ता घेतात तो ह्याच आकड्यांच्या आधारे. म्हणजे कंपनीची कोष्टके सांगतात की मुलग्याला भ्या, आणि तिची जाहिरात सांगते की मुलीला हसा. रंगीत चष्मा, प्रेमातले रुसवे, हातातला फोन ही प्रहसनातील आयती सोंगे. वेगाच्या धुंदीत चार मित्र घेऊन मध्यरात्री निघालेला मुलगा प्रहसनात बसत नाही, तो सरळ शोकात्मिकेत जातो. म्हणून जाहिरातकाराने खरे पात्र सोडून सोयीचे पात्र घेतले. कोणा नाटककाराने असे केले असते तर आपण त्यास पात्ररचनेतला अप्रामाणिकपणा म्हटले असते.

हा सांधा झाकला नाही तर काय होते, ह्याचे उदाहरणही घडून गेले आहे. १ फेब्रुवारी २०१५ रोजी फुटबॉलच्या त्या सुप्रसिद्ध अंतिम सामन्याच्या वेळी, जेव्हा सारी अमेरिका पडद्यापुढे बसलेली असते, नेशनवाइड ह्या विमा कंपनीने एक जाहिरात दाखविली. ती मोटारीची नव्हती, पण घराणे तेच. एक गोड मुलगा सांगतो की मी सायकल शिकणार नाही, मी उडावयास शिकणार नाही, माझे कधी लग्न होणार नाही. कारण मी मोठा झालोच नाही, अपघातात मेलो. मग भरून वाहणारे न्हाणीचे टब, उघडे पडलेले विषारी रसायनांचे कपाट, जमिनीवर कोसळलेला दूरदर्शन संच. देशभर संतापाची लाट उसळली. खेळ पाहताना घरातल्या मुलांदेखत हे काय दाखविता, असे लोक म्हणाले. विमा विकणे हा हेतूच नव्हता, चर्चा सुरू करावयाची होती, असा खुलासा कंपनीने केला. बहुतेक टीकाकारांनी औचित्याचा भंग झाला असे म्हणून हा विषय संपविला. मला मात्र वाटते की ही जाहिरात तिच्या बहिणींपेक्षा अधिक प्रामाणिक होती, आणि तेच तिच्या अंगाशी आले. तिने मरणाला मरण म्हटले. मध्ये विनोद घातला नाही, बिल दाखविले नाही. त्यामुळे शेवटी कंपनीचे नाव झळकले तेव्हा प्रेक्षकाच्या मनात सरळ प्रश्न उभा राहिला, की मेलेल्या मुलाशी ह्या नावाचा संबंध काय? तो प्रश्न इतर जाहिरातींसही विचारता आला असता.

ऑलस्टेटच्या ब्रीदवाक्याची कथा ह्या संदर्भात मोठी बोलकी आहे. तुम्ही भल्या हाती आहात, अशा अर्थाचे ते वाक्य १९५० साली कंपनीच्या विक्रीविभागाच्या डेव्हिस एलिस नावाच्या अधिकाऱ्याने सुचविले. त्याचे मूल रुग्णालयात होते. डॉक्टर चांगला आहे, आपले मूल भल्या हाती आहे, असे पत्नीने सांगितले आणि बापाला धीर आला. तेच शब्द त्याने धंद्यात आणले. ओंजळीसारखे दोन हात आजही त्या कंपनीचे चिन्ह आहे. आपल्या आयुर्विमा महामंडळाच्या चिन्हातही ज्योतीभोवती धरलेले दोन हात आहेत, आणि ब्रीद तर थेट गीतेतून घेतलेले. प्रतिमा एकच, आणि ती सुंदर आहे ह्यात शंका नाही. परंतु त्या रुग्णालयात हात मुलाच्या अंगावर होते. विमापत्रातले हात धनादेशावर असतात. आईच्या तोंडून निघालेला शब्द उचलताना हा एवढा फरक वाटेत सांडला.

विम्याची निंदा करण्याचा माझा मुळीच उद्देश नाही, हे येथे स्पष्ट केलेले बरे. कॅलिफोर्नियासारख्या राज्यात अज्ञान मुलाच्या परवान्याच्या अर्जावर जो पालक सही करतो, तो मुलाने केलेल्या नुकसानीस कायद्याने काही मर्यादेपर्यंत बांधला जातो. एका धडकेने घरदार गहाण पडू शकते. त्यापासून जो वाचवितो त्याने मोल घ्यावे, ह्यात गैर काही नाही. शिवाय विमा कंपन्यांनीच पैसा घालून १९५९ साली महामार्गांवरील सुरक्षिततेच्या अभ्यासासाठी जी संस्था काढली, तिने टप्प्याटप्प्याने परवाना देण्याच्या पद्धतीचा पुरस्कार चिकाटीने केला. प्रथम शेजारी मोठे माणूस, मग एकट्याने पण रात्री नाही आणि मित्रमंडळ बरोबर नाही, मग पुरी मोकळीक, अशी ती पद्धत. न्यूझीलंडात ती १९८७ साली आली, अमेरिकेत फ्लॉरिडाने १९९६ साली तिचा आरंभ केला, पुढे तिचे काही ना काही रूप सर्व राज्यांनी घेतले, आणि कोवळ्या चालकांचे प्राणघातक अपघात पुष्कळच घटले. म्हणजे एकाच छपराखाली दोन लेखक राहतात. एक गणिती, तो कोष्टके लिहितो. त्याची शैली रुक्ष असली तरी तो खोटे बोलत नाही. सोबती वाढले की धोका वाढतो, रात्र चढली की धोका चढतो, असे तो अंकांत सांगतो. दुसरा जाहिरातकार, त्याला पहिल्याचे लेखन वाचावयास मिळते, पण त्यातले तो बहुधा एवढेच उचलतो की आईबाप भ्यालेले आहेत. चांगले गुण मिळविणाऱ्या विद्यार्थ्यास हप्त्यात सूट देण्याची जी चाल तेथे आहे, तिच्या जाहिराती मात्र आमच्या मध्यमवर्गास फार आवडतील. गुणपत्रिका चांगली म्हणजे चिरंजीव सर्वगुणसंपन्न, हा सिद्धान्त आम्ही विमा कंपन्यांच्या कितीतरी आधी शोधून काढला आहे.

भय मात्र कोणाच्याही ताब्यात पुरते राहत नाही. न्यू जर्सी राज्याने २०१० साली असा नियम केला की एकवीस वर्षांखालील नवशिक्याने मोटारीच्या पाटीवर लहानशी लाल पट्टी लावावी, म्हणजे रात्रीच्या आणि सोबत्यांच्या मर्यादा पाळल्या जातात की नाही हे पोलिसास दुरून कळेल. चार डॉलरला दोन पट्ट्या मिळत. ह्यावर आईबापच बिथरले. पट्टी पाहून एखादा नराधम ओळखील की आत कोवळी मुलगी एकटी आहे, आणि तिचा पाठलाग करील, असे त्यांचे म्हणणे. प्रकरण राज्याच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि २०१२ साली नियम कायम झाला. जे संकट मैलामैलावर उभे होते त्यापेक्षा जे क्वचित कोठे संभवते त्याचेच भय अधिक वाटले, कारण त्या दुसऱ्याला चेहरा होता. हे भय कोणा कंपनीने पेरलेले नव्हते. परंतु वर्षानुवर्षे ज्यांच्या काळजीला सोंगे आणि चेहरे पुरविले गेले, त्यांना बिनचेहऱ्याचे संकट ओळखता येऊ नये, ह्याचे मला नवल वाटत नाही.

अलीकडे भयाला आणखी एक वाट फुटली आहे. २००७ साली अमेरिकन फॅमिली ह्या कंपनीने मोटारीच्या आरशाजवळ बसवावयाचा कॅमेरा पालकांस देऊ केला. मुलाने एकाएकी ब्रेक दाबला की त्या क्षणांचे चित्र घरी पोचावयाचे. आता तेच काम खिशातला फोन करतो, आणि मुलाचा वेग, त्याची वळणे, त्याचा पत्ता आईच्या हातात सतत येत राहतो. शेजारची रिकामी जागा निदान अंशतः भरून काढण्याचा हा प्रयत्न आहे, म्हणून त्याला मी हसणार नाही. मात्र त्याच्या जाहिरातींत 'मनःशांती' हा शब्द येतो तेव्हा थांबावेसे वाटते. दर पाच मिनिटांनी मुलाचा ठिपका नकाशावर पाहणाऱ्या आईला जे मिळते त्याला आपल्या भाषेत मनःशांती म्हणत नाहीत.

ह्या सर्वांच्या शेजारी सुबारू ह्या मोटार कंपनीची २०१० सालची एक जाहिरात ठेवून पाहावी. बाप मोटारीच्या खिडकीशी उभा राहून सूचना देत आहे. चाकामागे बसली आहे सहा-एक वर्षांची चिमुरडी. पट्टा लाव, सांभाळून जा, असे तो सांगतो आणि ती मोठ्या माणसासारखी माना डोलविते. आपण चकित होतो. मग क्षणभराने तीच मुलगी सोळा-सतरा वर्षांची दिसते. ती लहान होती ती बापाच्या डोळ्यांत. किल्ली तिच्या हाती जाते, मोटार निघते, बाप मागे राहतो. हा दिवस येणार हे ठाऊक होते म्हणूनच ही मोटार घेतली, अशा अर्थाचे एक वाक्य तो बोलतो, तेवढीच काय ती विक्री. भय येथेही आहे, पण जे भय आहे त्यावरचाच उपाय पुढे केला आहे: मजबूत मोटार, जी धडकेत मुलीच्या हाडांच्या कामी येईल. मुलगी मूर्ख नाही, तिच्या मेंदूला भोक नाही, तिला कोणी सोंग दिलेले नाही. आणि बापाचे दुखणे अपघाताचे जितके आहे तितकेच मुलगी मोठी झाल्याचे आहे, हे त्या अर्ध्या-पाऊण मिनिटात कळते. ह्या विषयावरच्या ज्या ज्या जाहिराती मी पाहिल्या त्यांत पुन्हा पाहावीशी वाटली ती ही एकच. आणि ती विम्याची नव्हे.